सॅन पाब्लो अ‍ॅव्हेन्यूवरचं दुकान

बर्कलीतून उत्तरेला निघालेला सॅन पाब्लो अ‍ॅव्हेन्यू हा काही मुद्दाम पाहायला जावा असा रस्ता नव्हे. गॅरेजं, मोटेलं, छोट्या खानावळी, मध्येच एखादं बंद पडलेलं दुकान. बे एरियातली मराठी मंडळी बहुतेक खाडीच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँट-सनीव्हेलकडे राहणारी; त्यांचं इकडे येणं क्वचितच होतं. याच रस्त्यावर, एल सेरिटो नावाच्या गावात, १९७६ साली क्रिस स्ट्रॅकविट्झ या गृहस्थानं ‘डाउन होम म्युझिक’ हे रेकॉर्डचं दुकान उघडलं. त्याच इमारतीत त्याची ‘आरहूली’ ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी होती आणि लेस ब्लँक हा माहितीपटकारही तिथेच आपली फिल्म कापत-जोडत बसलेला असे. गाणाऱ्याच्या घरी जाऊन गाणं मुद्रित करायचं, त्याची तबकडी काढायची, ती विकायची आणि जमलं तर त्या माणसावर चित्रपटही काढायचा, ही सगळी कामं एका छपराखाली चालत.

हे पुस्तक त्या दुकानाबद्दल आहे. दुकानाबद्दल म्हणजे तिथे विकल्या गेलेल्या गाण्यांबद्दल, ती गाणी तिथवर पोचली कशी त्याबद्दल, आणि ज्याच्या आवडीनिवडीवर हा सगळा डोलारा उभा राहिला त्या विक्षिप्त माणसाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या रेकॉर्डच्या दुकानावर मराठीत पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. दूरदेशीचं लोकसंगीत आपल्या कानावर येतं ते कुणाच्या तरी हातून येतं. तो हात बहुतेक वेळा दिसत नाही. इथे तो नखशिखांत दिसतो, त्याच्या प्रेमासकट आणि त्याच्या दुराग्रहांसकट. जगातलं सगळं संगीत खिशातल्या फोनवर आलेलं असताना हा प्रश्न जुना झाला असं काहींना वाटतं. मला तो आत्ताच खरा लागू झालाय असं वाटतं.

स्ट्रॅकविट्झचा जन्म १९३१ सालचा, जर्मनीच्या लोअर सायलेशियातला. तो भाग आता पोलंडमध्ये आहे. घराणं सरदारी, नावामागे ‘काउंट’. १९४५ मध्ये रशियन फौजा पुढे सरकल्या तशी या कुटुंबानं घरदार सोडलं आणि दोन वर्षांनी सोळाव्या वर्षी क्रिस अमेरिकेत पोचला. इंग्रजी अर्धवट, मित्र कोणी नाही, सोबतीला रेडिओ. त्या रेडिओवर त्यानं जे ऐकलं ते गोऱ्या मध्यमवर्गीय अमेरिकेचं आवडतं संगीत नव्हतं. डोंगरी भागातली व्हायोलिन-बँजोची गाणी, काळ्या वस्त्यांतले ब्लूज, सीमेपलीकडून जोरात ऐकू येणारी मेक्सिकन स्टेशनं. जे संगीत त्या देशातले सुशिक्षित लोक गावंढळ म्हणून टाळत होते, ते या निर्वासित सरदारपुत्राला अमेरिकेचं खरं वैभव वाटलं. बाहेरून आलेल्याला कधीकधी घरच्यांपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करायला हेमा राइरकरांबरोबर मुळशीच्या खेड्यांत हिंडणारे गी पॉइत्व्हाँ मूळचे फ्रान्सचे होते, आणि त्या कामातून लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढे बर्कलीत शिक्षण, दोन वर्षं सैन्यात, मग लॉस गॅटोसच्या शाळेत जर्मन शिकवण्याची नोकरी. पगारातून जुन्या लाखेच्या तबकड्या विकत घ्यायच्या आणि दुबार झालेल्या टपालानं विकायच्या, हा जोडधंदा. १९५९च्या उन्हाळी सुट्टीत तो टेक्ससमधल्या ह्यूस्टनला गेला, कारण लाइटनिन हॉपकिन्स हा त्याचा लाडका ब्लूज गायक तिथे राहतो असं त्याला कळलं होतं. एका बिअरच्या गुत्त्यात त्यानं हॉपकिन्सला ऐकलं. हॉपकिन्स पाठ केलेलं काही गात नव्हता. त्या दिवशी काय झालं, काय दुखतंय, समोर कोण बसलंय, यावर जागच्या जागी कडवी रचत होता. कॅलिफोर्नियाहून आलेला हा पाहुणाही त्या कडव्यांतून सुटला नाही. स्ट्रॅकविट्झ पुढे आयुष्यभर त्या संध्याकाळबद्दल बोलत राहिला. असलं गाणं कुठल्याही तबकडीवर नाही, मग ते मीच का करू नये, असं त्याच्या मनानं घेतलं.

पुढच्या वर्षी तो टेपरेकॉर्डर घेऊन ह्यूस्टनला पोचला, तर हॉपकिन्स कार्यक्रमासाठी कॅलिफोर्नियाला निघून गेलेला! मग तिथल्या मॅक मॅकॉर्मिक या संशोधकाबरोबर तो गावोगाव विचारत फिरला आणि नॅव्हासोटा या गावी मॅन्स लिप्सकॉम्बच्या घरी पोचला. लिप्सकॉम्ब पासष्टीचा. आयुष्यभर दुसऱ्याचं शेत वाट्यानं कसलेलं, गाणं शनिवार रात्रीच्या नाचाला. त्याच्या आवाजाची एकही तबकडी तोवर निघालेली नव्हती. त्याच्या घरीच बसून मुद्रण झालं आणि नोव्हेंबर १९६० मध्ये आरहूलीची पहिली एलपी निघाली. प्रती अडीचशे. कव्हरं घरीच चिकटवलेली.

या पहिल्या तबकडीतच पुढच्या पन्नास वर्षांची रीत ठरून गेली. शक्यतो स्टुडिओ नाही, गाणाऱ्याचं घर किंवा अंगण. वाद्यवृंदाची भर नाही. कव्हरमागे भरपूर मजकूर: माणूस कोण, कुठला, काय करून पोट भरतो, गाणं कुणाकडून शिकला. लिप्सकॉम्ब ब्लूज गात असे, पण भजनं, जुन्या कथागीतांचे तुकडे, नाचाच्या चाली, शहरातून आलेली सिनेमा-नाटकाची गाणीही गात असे. त्याला त्यात भेद नव्हता. भेद करणारे नंतर आले, दुकानात खण लावायची वेळ आली तेव्हा. पण त्याबद्दल पुढे.

अडीचशे प्रतींच्या धंद्यावर इमारत उभी राहत नाही. ती कशी राहिली ही या पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी हकिगत आहे. १९६५ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चाआधी काही तरुण गाणं मुद्रित करून घ्यायला स्ट्रॅकविट्झच्या बर्कलीतल्या घरी आले. त्यानं छताच्या दिव्याला एक मायक्रोफोन टांगला, गाणं टेपवर घेतलं, आणि पैसे मागण्याऐवजी गाण्याच्या प्रकाशनाचा हक्क आपल्याकडे ठेवू का, एवढंच विचारलं. त्यांनी हो म्हटलं. त्यांतला प्रमुख होता कंट्री जो मॅक्डॉनल्ड. चार वर्षांनी तो वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात अफाट गर्दीपुढे तेच गाणं गायला, त्याचा चित्रपट आणि अल्बम जगभर गेला, आणि स्ट्रॅकविट्झच्या नावावर रॉयल्टी जमू लागली. एल सेरिटोच्या इमारतीला लागलेले पैसे त्यातलेच. रॉक संगीताबद्दल या माणसाला काडीचं प्रेम नव्हतं, पण मेक्सिकन अकॉर्डियनच्या आणि लुइझियानातल्या फ्रेंच गाण्यांच्या तबकड्या ज्या भिंतींआड विकल्या गेल्या त्या भिंती रॉकच्या पैशातून आल्या.

पैशाचीच आणखी एक गोष्ट. मिसिसिपीचा फ्रेड मॅकडॉवेल हा शेतकरी-गायक आरहूलीवर मुद्रित झालेला होता. त्यानं गायलेलं एक जुनं भजन रोलिंग स्टोन्सनी १९७१च्या आपल्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमवर घेतलं. स्ट्रॅकविट्झ वकील घेऊन मागे लागला, आणि मॅकडॉवेल १९७२ मध्ये वारला त्याआधी त्याच्या हातात रॉयल्टीचा धनादेश पडला. आता हे भजन मॅकडॉवेलनं रचलेलं होतं का? तसं म्हणता येणार नाही. ते काळ्या चर्चांतून आधीपासून गायलं जात होतं. लोकसंगीताची मालकी कुणाची, हा प्रश्न इथे उभा राहतो आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. पण जगप्रसिद्ध बँडनं घेतलेल्या गाण्याचे पैसे लंडनमध्ये राहावेत की मिसिसिपीत जावेत, एवढंच विचारलं तर माझं मत स्ट्रॅकविट्झच्या बाजूनं आहे.

दुकानात काय होतं? ब्लूज, गॉस्पेल, ब्लूग्रास तर होतंच. लुइझियानातल्या गोऱ्या फ्रेंचभाषकांचं केजन आणि काळ्या फ्रेंचभाषकांचं झायडेको होतं. ग्रीक बंदरांतलं रेबेटिको, युक्रेनी व्हायोलिन, पोलंडच्या डोंगराळ भागातली पथकं, पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नातलं क्लेझमर. यातलं पुष्कळसं अमेरिकेतच मुद्रित झालेलं होतं, आणि ते का, हे समजून घेतल्याखेरीज हा विषय कळत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन हे एक फर्निचर होतं आणि फर्निचरच्याच दुकानांत विकलं जाई. ते विकायचं तर गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेतलं गाणं द्यायला हवं. याच हिशेबानं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गायिका गौहर जानचा आवाज टिपून गेला. तोच हिशेब अमेरिकेतल्या व्हिक्टर, कोलंबिया, ओके या कंपन्यांनी स्वतःच्या देशात आलेल्या स्थलांतरितांना लावला आणि ग्रीक, पोलिश, युक्रेनी, यिद्दिश, आयरिश, मेक्सिकन गाण्यांच्या हजारो तबकड्या काढल्या. रिचर्ड स्पॉट्सवुड यांनी त्यांची नुसती यादी केली ती १९९० मध्ये सात खंडांत छापली गेली. संस्कृतीचं जतन वगैरे कोणाच्या मनातही नव्हतं. पेट्या खपवायच्या होत्या. मग मंदी आली, युद्धात लाखेची टंचाई झाली आणि मोठ्या कंपन्यांनी या लहान गिऱ्हाइकांकडे पाठ फिरवली. तबकड्या माळ्यांवर आणि भंगारात गेल्या. स्ट्रॅकविट्झसारखे लोक त्या डझनावारी उचलत राहिले आणि त्यांतून निवडून नव्या एलपी काढत राहिले. ज्यू तरुणांनी बर्कलीत ‘द क्लेझमोरिम’ नावाचा जथा काढून आजोबांचं विसरलेलं संगीत पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा त्यांची पहिली तबकडी १९७७ मध्ये आरहूलीनंच काढली.

पण या माणसाचं खरं प्रेम होतं टेक्सस-मेक्सिको सीमेवरच्या संगीतावर. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे, आणि तो मोठा वाटला तरी गाळू नये.

एकोणिसाव्या शतकात जर्मन, चेक, पोलिश शेतकरी टेक्ससमध्ये येऊन वसले. येताना बटणांचं अकॉर्डियन आणि पोल्काची चाल घेऊन आले. शेजारच्या मेक्सिकन मजुरांनी ते वाद्य उचललं आणि त्याला बारा तारांच्या जाड आवाजाच्या ‘बाहो सेक्स्तो’ या गिटारीची जोड दिली. ‘कॉन्हुन्तो’ म्हणतात ते हेच. परकं वाद्य पिढीभरात इतकं आपलं कसं होतं, हे पेटीवर भजन ऐकत वाढलेल्या वाचकाला वेगळं समजावायला नको. आपल्या पेटीला तर आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, तरी देवळातून ती हलली नाही. कॉन्हुन्तोचंही तसंच. शिकलेल्या मेक्सिकनांना ते दारूच्या गुत्त्यातलं, मजुरांचं वाटे.

नार्सिसो मार्तीनेस हा या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल. १९३६ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या. अकॉर्डियनची डाव्या हाताची, खर्जाची बाजू त्यानं जवळजवळ सोडून दिली. तो भार सान्तियागो आल्मेदाच्या बाहो सेक्स्तोवर टाकला आणि उजव्या हातानं सुरांची नुसती आतषबाजी केली. आजही ते ऐकताना कान टवकारतात. त्याच्या बाबतीत ब्लूबर्ड कंपनीनं एक गंमत केली. शब्द नसलेली त्याची वादनं ‘लुइझियाना पीट’ नावानं फ्रेंचभाषकांना आणि ‘पोल्स्की क्वार्तेत’ नावानं पोलिश लोकांना विकली! गिऱ्हाइकांनी ती आपलीच समजून घेतली. कुठल्या खणात कुठलं संगीत ठेवायचं यावर गंभीर चर्चा ऐकताना मला हा मेक्सिकन ‘पोलिश चौकडी’वाला हटकून आठवतो.

आणि लिडिया मेंडोझा. १९१६ मध्ये ह्यूस्टनला जन्मलेली ही मुलगी कुटुंबाबरोबर सॅन अँटोनियोच्या बाजारचौकात पैशांसाठी गायची. १९३४ मध्ये तिनं बारा तारांची गिटार स्वतःच वाजवत ‘माल ओम्ब्रे’, म्हणजे वाईट पुरुष, हे गाणं मुद्रित केलं. त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनावर छापलेले मिळाले होते. आवाजात लाडिकपणा औषधालाही नाही. फसवणाऱ्याला ती रडून नाही, तोंडावर सुनावते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे गरीब लोक तिच्यावर जीव टाकत. स्ट्रॅकविट्झनं तिच्या जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या, ‘चुलास फ्रोंतेरास’ या लेस ब्लँकच्या १९७६च्या माहितीपटात तिला घेतलं आणि १९९३ मध्ये तिच्या कुटुंबाच्या आठवणींचं पुस्तकही संपादित केलं. तो माहितीपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत १९९३ पासून आहे. तमाले करणारे हात, शेतात राबणारे हात आणि अकॉर्डियनवरची बोटं यांना त्यात सारखाच मान आहे; संगीतावरचा माहितीपट कसा असावा असं मला कोणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेतो.

मोठ्या कंपन्या निघून गेल्यावर सीमेवर जे घडलं तेही लक्षात घेण्याजोगं आहे. अ‍ॅलिस नावाच्या गावात आर्मांदो मारोकिन हा ज्यूकबॉक्स भाड्यानं लावणारा माणूस होता. यंत्रात घालायला स्पॅनिश गाणीच मिळेनात, म्हणून १९४६ मध्ये त्यानं सॅन बेनितोच्या रेकॉर्ड-दुकानदाराबरोबर, पाको बेतान्कूरबरोबर, ‘आयडियल’ ही कंपनी काढली. गाणं हवं म्हणून दुकानदारच मुद्रक झाला. म्हणजे एल सेरिटोत जे झालं ते अजब नव्हतं. छोट्या संगीताचा इतिहास बराचसा दुकानदारांनीच लिहिला आहे. आयडियलच्या मूळ टेपाही पुढे स्ट्रॅकविट्झनं घेतल्या. त्याचा सीमासंगीताचा हा संग्रह आता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘फ्रोंतेरा संग्रह’ म्हणून आहे, आणि मेक्सिकन व मेक्सिकन-अमेरिकन ध्वनिमुद्रिकांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणून ओळखला जातो. त्याच्या डिजिटायझेशनसाठी पाच लाख डॉलरची देणगी ‘लॉस टिग्रेस देल नॉर्ते’ या लोकप्रिय मेक्सिकन बँडच्या प्रतिष्ठाननं दिली. हे मला फार योग्य वाटतं. ज्यांचं संगीत, त्यांच्यातल्याच पैसे कमावलेल्यांनी ते जपायला पैसे द्यावेत.

आता दुराग्रहांबद्दल. जे संगीत स्ट्रॅकविट्झला बेचव वाटे त्याला तो ‘उंदराचं संगीत’ म्हणे, आणि त्याच्या दृष्टीनं जगातलं बहुसंख्य संगीत उंदरांचंच होतं. त्याच्यावरच्या माहितीपटाचं शीर्षकही त्याच शब्दांवरून आलं. हा तुच्छतावाद गमतीचा वाटतो, पण त्याचा चटका गाणाऱ्यांनाही बसत असे. झायडेकोचा राजा म्हणवला गेलेला क्लिफ्टन शेनिए १९६४ मध्ये ह्यूस्टनला आरहूलीसाठी पहिल्यांदा मुद्रण करायला आला, तेव्हा त्याला रॉक अँड रोल करायचं होतं. तरुणांना तेच हवं होतं आणि खपतही तेच होतं. स्ट्रॅकविट्झला हवी होती अकॉर्डियनवरची फ्रेंच गाणी. शेवटी तडजोड झाली, अर्धं तुझं, अर्धं माझं. त्या अल्बमचं आज नाव घेतलं जातं आणि शेनिए त्याच वाटेनं मोठा झाला, म्हणून स्ट्रॅकविट्झ बरोबर ठरला असं म्हणायची पद्धत आहे.

मला ते इतकं सरळ वाटत नाही. काळ्या अकॉर्डियनवाल्यानं आजीच्या भाषेतच गावं हे एका जर्मन काउंटनं ठरवायचं? पैसे देणारा आणि टेपचं बटण दाबणारा तोच असताना ‘तडजोड’ या शब्दाचं वजन किती? लोकसंगीताच्या शोधात गेलेल्या बहुतेक प्रामाणिक माणसांच्या मागे ही सावली आहे: त्यांना जुनं हवं असतं, आणि गाणाऱ्याला पुढे जायचं असतं. या पुस्तकात ही बाजू झाकलेली नाही. पण एवढं म्हणेन की स्ट्रॅकविट्झची आवड उघड होती, त्याच्या नावानं होती, तिच्याशी भांडता येत होतं. दुकानात शिरणाऱ्याला माहीत असे की हे एका माणसाचं मत आहे. फोनवर पुढचं गाणं सुचवणाऱ्या यंत्राचंही मत असतं, फक्त ते कोणाचं आणि कशासाठी हे सांगितलं जात नाही. आणि त्या सूचनेबरोबर कव्हरमागचा मजकूर येत नाही.

लंडनच्या दुकानांचा उल्लेख इथे ओझरताच करतो, कारण त्यांच्यावर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे. चेरिंग क्रॉस रोडवरच्या डॉबेल्सच्या तळघरात जानेवारी १९६३ मध्ये बॉब डिलननं टोपणनावानं मुद्रण केलं; डाव्या विचारांच्या कॉलेट्स पुस्तक-दुकानाचा लोकसंगीत विभाग म्हणजे तिथल्या तरुण गायकांचा अड्डा होता; स्टर्न्स हे विजेच्या वस्तूंचं दुकान आफ्रिकन तबकड्यांचं मोठं केंद्र बनलं. जून १९८७ मध्ये याच शहरात ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. आफ्रिका, बल्गेरिया, पाकिस्तान इथलं संगीत दुकानदार कुठे ठेवावं हे न कळून कुठेही ठेवतात, ही त्यांची अडचण. सगळ्यांना मिळून एक खण, एक पाटी आणि थोडी जाहिरात, एवढंच त्यांनी ठरवलं. ‘वर्ल्ड म्युझिक’ ही पाटी तिथून जगभर गेली. १९९९ मध्ये संगीतकार डेव्हिड बर्न यांनी या पाटीवर न्यूयॉर्क टाइम्समध्ये कडाडून टीका केली, आणि तेव्हापासून ती करणं फॅशनच झालं. टीका खरी आहे. पण ज्याला माल विकायचा आहे त्याला पाटी लावावीच लागते. एल सेरिटोच्या दुकानाला ही अडचण कमी भेडसावली, कारण तिथे ‘जग’ हा एक खण नव्हता. आणि अमेरिकेलाच परदेश मानून ऐकणाऱ्या माणसाचं ते दुकान होतं.

आपल्याकडचं काय, असा प्रश्न वाचक विचारणारच. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा बरेच अश्रू ढाळले गेले. ते उत्तम दुकान होतं, पण लोकसंगीत गावात जाऊन आणणारं नव्हतं. ते काम ऐंशीच्या दशकात, स्वतःला न कळत, कॅसेटवाल्यांनी केलं. एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत भीमगीतं, भारुडं, तमाशाचे वग, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं ढिगांनी मिळत. कॉन्हुन्तोच्या तबकड्यांसारखीच, मोठ्या दुकानांनी नाक मुरडलेली ही चीज होती. फरक एवढाच की वेष्टनाच्या कागदावर ढोलकी कोणाची, साथ कोणाची, गाव कुठलं, हे बहुधा छापलेलंच नसे, आणि आता ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. जुन्या तबकड्यांसाठी सुरेश चांदवणकर आणि मायकेल किनिअर यांनी १९९० मध्ये मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काढली आणि तिच्या नियतकालिकातून पुष्कळ माहिती वाचवली. कॅसेटच्या काळाला तसा वाली मिळालेला नाही.

आरहूलीचे साडेतीनशेच्या वर अल्बम २०१६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या ‘फोकवेज’नं घेतले. फोकवेज ही मोझेस अ‍ॅश यांची कंपनी. अ‍ॅश यांच्या मृत्यूनंतर ती स्मिथसोनियनकडे गेली, आणि खप असो वा नसो, एकही तबकडी छापण्याबाहेर जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नियम संस्थेनं पाळला आहे. त्यामुळे लिप्सकॉम्बची अडीचशे प्रतींची एलपी आज कोणालाही ऐकता येते. स्ट्रॅकविट्झ ५ मे २०२३ रोजी वारला, वय ९१. त्यानंतरही दुकान उघडं राहिलं.

पुढची प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही, पण ऐकत वाचायची गरज नक्की आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ऐकण्याजोगी गाणी दिली आहेत. निवड माझी आहे आणि पक्षपाती आहे. ब्लूजची सवय असेल तर लिप्सकॉम्बपासून निघा. नाचायची इच्छा असेल तर शेनिए. फ्लोरिडातल्या काळ्या चर्चांत स्टील गिटारीवर वाजणाऱ्या ‘सेक्रेड स्टील’चं प्रकरण भजनाची आवड असणाऱ्यांनी आधी उघडावं, ती गिटार हवाई बेटांवरची, तीच जी कलकत्त्यामार्गे आपल्या सिनेमात आली. अकॉर्डियन अजिबात सोसवत नसेल तर सीमेवरचे भाग पहिल्या खेपेला सोडून दिले तरी चालतील, पण लिडिया मेंडोझा सोडू नका. तिच्याकडे फक्त गिटार आहे. फ्रोंतेरा संग्रहातली गाणी विद्यापीठाबाहेरच्या माणसाला पूर्ण ऐकता येत नाहीत, प्रत्येकाचा थोडाच भाग मिळतो. चालीची ओळख व्हायला तेवढा पुरतो. स्पॅनिश येत नाही म्हणून अडून बसू नये. सोळाव्या वर्षी रेडिओवर ती मेक्सिकन स्टेशनं पहिल्यांदा लागली तेव्हा स्ट्रॅकविट्झलाही त्यातला एक शब्द कळत नव्हता.